लेव्हल तीन: बीर-बिलिंगमधले सहा दिवस

पहिला दिवस

दिल्लीहून निघालेली रात्रीची बस हिमाचलातल्या पालमपूरला पोचली तेव्हा नुकतं फटफटत होतं. तिथून बैजनाथकडे निघालं की धौलाधारची पर्वतरांग डाव्या खिडकीत येते आणि मग बीर येईपर्यंत त्या खिडकीवरून नजर हलत नाही. ऑक्टोबर सरत आलेला. भाताची कापणी उरकलेली, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून पेंढ्या रचून ठेवलेल्या, आणि शेतं संपतात न संपतात तोच अंगावर आल्यासारखी उभी राहिलेली साडेचार हजार मीटरची भिंत. मी इथे चौथ्यांदा येत होते. तरी पहिल्या दर्शनाला पोटात जे होतं ते झालंच.

इथे पॅराग्लायडरने उडायला जगभरातून लोक का येतात, ते या भिंतीकडे पाहिलं की कळतं. तिची मुख्य धार वायव्येकडे धरमशालेपर्यंत सलग जाते, जवळजवळ पन्नास किलोमीटर. तिच्यातून नैर्ऋत्येकडे सोंडा उतरतात, दोन सोंडांमध्ये एकेक खड्ड, म्हणजे डोंगरी नदी. दिवसभर ऊन या उतारांवर पडतं, खडक तापतात, हवा वर उठते. बिलिंगचं टेकऑफ सुमारे २,४०० मीटरवर, बीरमधलं चौगानचं लँडिंग त्याच्या जवळपास हजार मीटर खाली. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप भारतात पहिल्यांदा झाला तो इथेच.

दुपार स्पर्धेच्या नोंदणीत गेली. लायसन्स, विमा, रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी घडी करून भरलं त्याची नोंद, यंत्रात वेपॉइंट, म्हणजे नकाशावरचे ठरलेले बिंदू, भरून घेणं, लाइव्ह ट्रॅकर ताब्यात घेणं. आमच्या गटात या वेळी एक तेवीस वर्षांचा मुलगा होता, पहिलीच स्पर्धा. कामशेतला आम्ही एकत्र उडतो. टॉवर हिलवर पश्चिमेचा वारा आला की तासन् तास खाली न उतरणारा. तो मला ताई म्हणतो आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारतो. मला ते आवडतं. विचारणारा पायलट टिकतो.

संध्याकाळी चौगानच्या गवतावर बसून त्याला मी एवढंच सांगितलं, की कामशेतला वारा आपला मित्र असतो. तो समुद्राकडून सपाट येतो, डोंगराला लागून वर वळतो आणि आपल्याला झेलतो. इथे वारा एका सोंडेवर झेलतो आणि तीच सोंड ओलांडली की खाली दाबतो. तो म्हणाला, "म्हणजे ताई, वारा तोच, बाजू वेगळी." मला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं.

दुसरा दिवस

पहिला टास्क, ६१ किलोमीटर. हवा सौम्य, ढगांचा पाया उंच, वारा नावाला. अशा दिवसाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच असतं, कारण सगळं जसं व्हावं तसं होतं.

ज्यांनी स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टास्क म्हणजे हवेतली शर्यत. नकाशावर ठरावीक बिंदूंभोवती काल्पनिक वर्तुळं असतात, त्यांना टर्नपॉइंट म्हणतात. ठरलेल्या मिनिटाला सगळ्यांची सुरुवात एकदम उघडते. वर्तुळांना क्रमाने स्पर्श करत गोलपर्यंत, म्हणजे शेवटच्या ठिकाणापर्यंत, पोचायचं. कुठे किती वाजता होतो, ते जीपीएसचा ट्रॅकलॉग सांगतो. दिवसाचे जास्तीत जास्त १,००० गुण, त्यात अंतराचे, वेळेचे आणि पुढे राहून वाट दाखवण्याचेही. इंजिन नाही, त्यामुळे उंची हेच इंधन. थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर उठणाऱ्या हवेत, गोल फिरून ते भरायचं आणि पुढच्या थर्मलपर्यंत जपून खर्च करायचं.

एका थर्मलमध्ये दोन हिमालयीन गिधाडं आमच्याबरोबर फिरत होती. त्यातलं एक माझ्या पंखाच्या टोकापाशी इतकं जवळ आलं, की त्याच्या मानेभोवतीची मळकट पांढरी लव वाऱ्याने उलटी होताना दिसली. ते जिथे सरकलं तिथे मी सरकले आणि व्हॅरिओचा, म्हणजे चढ-उतार आवाजाने सांगणाऱ्या यंत्राचा, सूर लगेच चढला. गोलला अकरावी आले.

तिसरा दिवस

टास्क रद्द. दिवसभर बिलिंगच्या गवतावर बसून काढला आणि या बसण्यातही बरंच शिकायला मिळालं.

सकाळी जीपमधून वर येतानाच धौलाधारच्या माथ्यावर ते दिसले. भिंगासारखे, गुळगुळीत कडांचे, एकावर एक बशा ठेवाव्यात तसे ढग. ते जागचे हलत नाहीत, म्हणून नवख्याला वाटतं की वर शांत आहे. प्रत्यक्षात जोराचा वारा पर्वतावरून लाटेसारखा उसळतो, लाटेच्या शेंड्यावर बाष्पाचा ढग बनतो आणि पलीकडे उतरताना विरून जातो. ढग जागेवर राहतो, त्याच्यातून हवा मात्र धावत असते. पश्चिमी विक्षोभ जवळ येऊ लागला की वरचे पश्चिमेचे वारे आधी वाढतात, पाऊस-बर्फ नंतर. या काळात इथे हे नेहमीचंच आहे.

टेकऑफवर मात्र साडेदहाला पताकासुद्धा हलत नव्हत्या. मुलगा अस्वस्थ. "ताई, एवढं छान आहे, सोडत का नाहीत?" दरीत रात्रीची थंड, जड हवा साचलेली असते, ती झाकणासारखी बसते. वरचा वारा त्या झाकणावरून घसरत जातो, खाली कळत नाही. ऊन तापून थर्मल सुरू झाले की झाकण फुटतं आणि वरचा वारा थेट खाली ओढला जातो. साडेअकराला तसंच झालं. परिस्थिती जोखायला आधी सोडलेल्या दोघांपैकी एकजण टेकऑफसमोर तोंड पश्चिमेला करून जागच्या जागी उभा राहिला, मग हळूहळू मागे सरकायला लागला. सगळे बोलायचे थांबले. त्याने स्पीडबार, म्हणजे पंखाचा वेग वाढवणारी पायाखालची दांडी, पूर्ण दाबून दरीकडे वाट काढली आणि नीट उतरला. बारा वाजता दिवस रद्द झाल्याचं जाहीर झालं.

एका ज्येष्ठ पायलटने परतताना २०११च्या पिएद्राहिताची गोष्ट काढली. स्पेनमधली ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. दुसऱ्याच टास्कला दोघांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तेव्हाच्या प्रमाणपत्र नसलेल्या, भन्नाट वेगाच्या स्पर्धा-पंखांवर स्थगिती आली. आजचे स्पर्धेचे पंख चाचण्या आणि ठरावीक मर्यादांतून जातात, ते त्यानंतर. जीपमध्ये त्यावर कोणी काही बोललं नाही. जीपचा चालक गाणं लावणार होता, त्यानेही हात मागे घेतला.

चौथा दिवस

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसले, तो दिवस.

अंदाज असा होता की ३,००० मीटरवर दुपारी बाराला ताशी वीस किलोमीटरचा पश्चिमेचा वारा असेल आणि तीनपर्यंत तो पस्तीसवर जाईल. टास्क समितीने ठरवलं, छोटा टास्क, लवकर सुरुवात, वारा वाढायच्या आत सगळे जमिनीवर. ४८ किलोमीटर. पश्चिमेला न्यूगल खड्डच्या अलीकडचा टर्नपॉइंट, तिथून परत बिलिंगच्या धारेवर आणि गोल चौगानला. कागदावर शहाणपणाचा टास्क होता. मी आजही तो चुकीचा होता असं म्हणणार नाही.

टेकऑफवर वारा अठरा-वीसचा, मधूनच अठ्ठावीसचा झोत. वीस आणि तीस यांत फरक दहाचाच वाटतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट. पंखाकडे तोंड करून उभं राहिलं, मागचे रायझर, म्हणजे पंखाच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, हातात घट्ट धरले आणि दोन झोतांमधली पोकळी शोधली. पंख डोक्यावर येताना मी त्याच्याकडे दोन पावलं चालत गेले, नाहीतर तो उचलून मागे फेकतो. मग वळले आणि पाय सुटले. माझ्यामागे मुलगाही स्वच्छ निघाला. वरून त्याचा निळा पंख पाहून बरं वाटलं.

सव्वाबाराला सुरुवात उघडली. पहिल्या तीन सोंडा झटपट गेल्या. खरं गणित बिनवा खड्ड ओलांडताना सुरू झालं.

माझा पंख स्पीडबारशिवाय ताशी ३९ किलोमीटरने उडतो आणि शांत हवेत एक मीटर खाली येताना सुमारे दहा मीटर पुढे जातो. समोरून २८चा वारा असेल तर जमिनीवरून माझा वेग उरतो ११. म्हणून बार अर्धा दाबायचा, हवेतला वेग ४८, जमिनीवरचा २०. पण बार दाबला की पंख लवकर खाली येतो. हिशोब केला तर दहाला एकचा ग्लाइड चाराला एकसुद्धा राहत नाही. हजार मीटर उंची खर्चून पावणेचार किलोमीटरही मिळत नाहीत. आता दुसरी बाजू. थर्मल वाऱ्याबरोबर वाहतो. सेकंदाला अडीच मीटरने हजार मीटर चढायला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागतात आणि २५च्या वाऱ्यात तेवढ्या वेळात आपण पावणेतीन किलोमीटर मागे गेलेलो असतो. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून हातात पडतं ते एक किलोमीटर.

म्हणून अशा दिवशी मोकळ्या दरीत थर्मल धरून वर जायचं नसतं. सोंडेच्या पश्चिम अंगाला चिकटायचं. तिथे वारा समोरून आदळून वर वळतो, दुपारचं ऊनही तिथेच, दोन्ही मिळून उचलतात आणि आपण मागे जात नाही. अडचण ही की पश्चिमेकडे जाताना प्रत्येक सोंडेशी आपण पोचतो ते पूर्वेकडून, तिच्या वाऱ्याआडच्या बाजूने. तिथे हवा खाली कोसळते आणि गोल उलटत राहते. तिलाच आम्ही रोटर म्हणतो. सोंड पुरेशा उंचीवरून ओलांडली तर पलीकडे बक्षीस. उंची कमी पडली तर त्या भोवऱ्यात.

चार सोंडा आम्ही अशाच ओलांडल्या. अकराजणांचा घोळका होता. वारा असला की एकत्र उडण्याचा अर्थ वेगळा होतो. पुढच्याचा पंख अचानक खाली गेला की मागच्या दहाजणांना कळतं तिथे काय आहे. हातात ब्रेक नव्हते, दोन्ही हात मागच्या रायझरवर, कारण बारवर असताना पंख त्यांनीच सांभाळायचा. पुढची कड क्षणभर मऊ पडते, बोटांत ओढ कमी होते, तेवढ्यात रायझर किंचित खेचायचे. सोडायचे. पुन्हा खेचायचे. तासभर हे चाललं. बोटं हातमोज्यात बधिर होती, पण मी खूश होते. खोटं कशाला सांगू? मी आठवी होते. स्पर्धेत इतक्या पुढे मी आधी कधीच नव्हते.

१:३८ला रेडिओवर कोणीतरी "लेव्हल दोन" म्हणालं. आमच्या स्पर्धेत पायलट हवेतून परिस्थिती सांगतात. एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे हवा त्रास देतेय, पण उडता येतंय. तीन म्हणजे हे धोक्याचं आहे, टास्क थांबवा. कोणीही सांगू शकतं, पहिला असो की शेवटचा.

न्यूगलच्या अलीकडच्या शेवटच्या सोंडेवर आम्ही अडकलो. टर्नपॉइंटचं वर्तुळ १.८ किलोमीटरवर. पुढे जायचं, खाली यायचं, परत सोंडेवर मागे येऊन उंची घ्यायची. न्यूगलची दरी वरच्या अंगाला अरुंद आहे. तिथून येणारा वारा सोंडेच्या टोकाला वळसा घालताना आणखी चेपला जात होता, नळीचं तोंड बोटाने दाबल्यासारखा. १:५२ला यंत्रावर जमिनीवरचा वेग ३ दिसला. बार पूर्ण दाबलेला. पाय ताठ, गुडघे थरथरत होते.

त्या क्षणी मला माहीत होतं. शब्द डोक्यात तयार होता. रेडिओचं बटण उजव्या तर्जनीला बांधलेलं असतं, अंगठ्याने दाबायचं, एवढंच. मी दाबलं नाही. मनात आलं, आणखी एक चढ घेतला की वर्तुळ मिळेल. मनात आलं, पुढचे सातजण काही बोलत नाहीत.

१:५४ला माझ्या खाली डावीकडे निळा पंख अर्धा मिटला. नुसती कड दुमडली असं नाही, उजवा अर्धा भाग फडक्यासारखा लोंबला आणि मुलगा डोंगराकडे वळला. एक वळण. त्याने वजन डावीकडे टाकलं, ब्रेक थोडा ओढला, पंख फाट्कन उघडला आणि तो दरीच्या दिशेला बाहेर आला. हे सगळं चार-पाच सेकंदांत. मी ओरडले होते, पण बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळे ते ओरडणं हवेत गेलं.

१:५७. वेगाचा आकडा ४ झाला होता. वाढला म्हणून मी पुन्हा पाहिलं, तर दिशेचा बाण माझ्या पाठीकडे होता. मी पूर्ण बारवर ताशी चार किलोमीटरने मागे जात होते, सोंडेच्या माथ्याकडे. माथ्यापलीकडे रोटर.

"लेव्हल तीन. न्यूगलची सोंड, २,८००. मागे जातेय. लेव्हल तीन."

अर्ध्या मिनिटात आणखी दोन आवाज आले, "लेव्हल तीन." दोघेही माझ्या पुढचे. १:५९ला स्पर्धा संचालकांनी टास्क थांबवला. पण त्याची वाट न पाहता मी घोळका सोडला होता. मोह होता तो वारा पाठीशी घेऊन बीरकडे परत जायचा. ताशी सत्तरचा वेग मिळाला असता, पण वाटेतल्या प्रत्येक सोंडेची वाऱ्याआडची बाजू माझ्या वाट्याला आली असती. म्हणून डोंगराकडे पाठ केली आणि बार न सोडता सरळ सपाटीकडे, जिथे माझ्या वर वाऱ्याला अडवणारा डोंगर नाही. बाहेर पडताना व्हॅरिओ सलग रडत होता, सेकंदाला पाच मीटर खाली. पंख दोनदा थरारला. मग हवा एकदम मऊ झाली, जणू कोणी दार लावून घेतलं.

पालमपूरच्या खाली शेतं लहान, मध्ये विजेच्या तारा. वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरायचं. एक लांबट, कापणी झालेलं शेत निवडलं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि जवळजवळ सरळ खाली उतरले, लिफ्टमधून उतरावं तशी. जमिनीपासून तीस मीटरवर वारा अचानक मंदावतो, पंख पुढे झेपावतो. तिथे हात वर ठेवून तयार राहिले. पाय टेकले, त्याच झटक्यात वळून मागचे रायझर पोटापर्यंत ओढले. पंखाने दोन पावलं फरफटवलं आणि भाताच्या खुंटांवर पडला. खुंट बुटांखाली करकर वाजत होते.

बांधावर एक आजी विळा हातात घेऊन उभ्या होत्या. "लगी तो नहीं, बेटा?" मी मान हलवली. त्या तरीही जवळ आल्या आणि माझ्या दंडाला हात लावून पाहिलं. मग म्हणाल्या, पंख उचल, गाई येतील.

उतरल्यावर सगळ्यात आधी सुखरूप असल्याचं कळवायचं असतं, पंखाची घडी नंतर. मी कळवलं आणि फोनवर लाइव्ह ट्रॅकिंग उघडलं. मुलाचा ठिपका माझ्या उत्तरेला तीन किलोमीटरवर थांबलेला. संदेश नाही. फोन लागेना. रेडिओवर हाक मारली, उत्तर नाही. डोंगर मध्ये असला की रेडिओ पोचत नाही, हे मला माहीत आहे. लाइव्ह ट्रॅकर नेटवर्क नसलं की जुनी जागाच दाखवत राहतो, हेही माहीत आहे. माहीत असणं त्या वेळी कामाला येत नाही. आजींनी पितळी गडव्यातून पाणी दिलं. मी ते हातात धरून बसून राहिले. बावीस मिनिटांनी फोन वाजला.

"ताई, चहाच्या मळ्यात आहे. ठीक आहे. दोऱ्या झुडपात अडकल्यात."

पाचवा दिवस

रात्रीपासून पाऊस. बीरमध्ये पाऊस म्हणजे वर बर्फ. दुपारी ढग थोडे फाटले तेव्हा धौलाधार कमरेपर्यंत पांढरी झाली होती. उडण्याचा प्रश्नच नव्हता. सगळे आपापल्या खोल्यांत पंख वाळवत, दोऱ्या तपासत बसले होते. मुलाच्या दोऱ्यांतून चहाची पानं काढायला मी त्याच्याबरोबर बसले. एकेक दोरी बोटांतून सरकवत न्यायची, आवरण कुठे खरवडलंय का ते बघायचं. दोनशेहून जास्त मीटर दोरी असते एका पंखात. बोलायला भरपूर वेळ.

बराच वेळ तो गप्प होता. मग वर न बघता म्हणाला, "ताई, तू लेव्हल तीन म्हणालीस तेव्हा माझा पंख मिटून झाला होता."

"हो."

"तुला आधी कळलं होतं का?"

मी लॅपटॉप उघडला आणि माझा ट्रॅकलॉग त्याच्यासमोर ठेवला. १:५२:१०, वेग ३. तिथे बोट ठेवलं. १:५७:०४, तिथे ठेवलं. मध्ये त्याचा ट्रॅकलॉग आणून लावला, १:५४:३१ला एक तीक्ष्ण वळण. तिन्ही एका पडद्यावर. मी त्याला सांगितलं की १:५२ला मला कळलं होतं आणि मी आठवी होते म्हणून बोलले नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं. "मलापण कळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, मी नवीन आहे, मी कसं बोलू."

मला त्याच्या या वाक्याचा जितका त्रास झाला तितका माझ्या पाच मिनिटांचा झाला नव्हता. घोळक्यातल्या सगळ्यात अनुभवी बाईने तोंड उघडलं नाही म्हणून सगळ्यात नवख्या मुलाला वाटलं की तोंड उघडायचं नसतं.

संध्याकाळी निकाल लागला. थांबवलेल्या टास्कचे गुण थांबवल्याच्या क्षणापर्यंत धरत नाहीत, घड्याळ मागे नेतात. आमच्या स्पर्धेत पाच मिनिटं, म्हणजे १:५४पर्यंत. त्यानंतर कोणी कितीही पुढे गेलं तरी ते मोजत नाहीत. धोका कळल्यावरही जो रेटत राहिला त्याला त्याचा फायदा मिळू नये, यासाठी हा नियम आहे. इतकी वर्षं मी तो नुसता पाठ केला होता. पायलटांच्या बैठकीत मी उठून माझ्या दोन्ही वेळा सगळ्यांसमोर सांगितल्या. पुढे असलेल्या सातजणांपैकी दोघांनी हात वर केले, त्यांनाही दोन-तीन मिनिटं आधी कळलं होतं. सुरक्षा समितीने ठरवलं की वाऱ्याच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी संचालक स्वतः नाव घेऊन तिघांना लेव्हल विचारतील, एक पुढचा, एक मधला, एक मागचा.

सहावा दिवस

पाऊस सरला, हवा धुतल्यासारखी. उत्तरेची थंडी हाडात शिरत होती. शेवटचा टास्क ३२ किलोमीटर, जोगिंदरनगरच्या बाजूला आणि परत. ताज्या बर्फामुळे वरचे उतार तापत नव्हते, थर्मल खालच्या जंगलापुरते. सगळे हळू, खाली खाली, संयमाने. मी चौदावी. एकूणात बारावी.

दुपारी दीडच्या सुमारास पूर्वेकडच्या सोंडेवर थोडा झोत सुटला. फार नाही. मी सोंडेच्या पुढे होते, मला त्रास होत नव्हता. रेडिओवर संचालकांचा आवाज यायच्या आधीच एक आवाज आला, थोडा घाईतला, पण स्पष्ट.

"लेव्हल दोन. मागच्या बाजूला. झोत वाढतोय."

मी मागे वळून पाहिलं. निळा पंख सोंडेपासून लांब, मोकळ्या हवेत सरकत होता.

रात्रीची बस सातची होती, त्यामुळे चौगानवर पंख नीट वाळवायला वेळ मिळाला नाही. दव पडायला लागलं होतं. घडी घालताना कडेच्या एका कप्प्यात भाताची काडी सापडली, परवाच्या शेतातली, ओलसर, अजून पिवळी. ती काढली आणि पंख तसाच दमट भरला. घरी गेल्यावर सगळ्यात आधी तो सावलीत पसरायचा आहे, नाहीतर कापड कुजतं.